साइड स्टँडवरचं खोटं

मी इंजिनातलं ऑइल मोजायची काडी बोलतेय. आयुष्यात कधी खोटं बोलले नाही. म्हणजे, गाडी साइड स्टँडवर असली की बोलते. पण तेवढं चालायचंच!

माझं शिक्षण दोन खुणांपुरतं. एक वरची, एक खालची. एवढ्यावर बारा वर्षं मोटरसायकलच्या पोटात पाय बुडवून बसलेय.

पहिला मालक दादा. रविवारी मित्र जमले की सल्ले सुरू: "हवा टायर गार असताना भरा, चेन पाण्याने धुऊ नका." मी आतल्या आत हसायची. पठ्ठ्याने सहा-सहा महिने माझं तोंड पाहिलेलं नसायचं!

मग गाडी त्याच्या धाकट्या बहिणीकडे आली. ती नर्स, घरोघरी जाऊन इंजेक्शनं देते, जखमा बांधते. तिच्यापुढे माझी मस्करी चालत नाही. दर सोमवारी गाडी सपाट जागी, डबल स्टँडवर. मला फडक्याने पुसायचं, नुसतं आत टेकवायचं, आटे फिरवायचे नाहीत, मग थर्मामीटरसारखं उजेडात धरायचं. एवढी माया सासरी-माहेरी कुणाला मिळते?

काल दादा मुक्कामाला आला. बहीण दमलीय, तिच्या गाडीची सेवा करू, म्हणून संध्याकाळी मला उपसलं. गाडी साइड स्टँडवर कललेली, ऑइल सगळं पलीकडे. मी कोरडी ठणठणीत! "बापरे, इंजिन गेलं असतं!" म्हणत त्याने पाव लिटर ओतलं. मला हसू आवरेना.

आज सकाळी साडेसहाला तिने मला पाहिलं. ऑइल वरच्या खुणेच्याही बोटभर वर! माझी मस्ती उतरली. सात वाजता एका आजोबांचं इन्सुलिन. ती पोचल्याशिवाय त्यांना नाश्ता नाही. असंच निघावं, तर वाटेत सील फुटून गाडी धूर ओकणार. गॅरेज उघडतं नऊला.

ती ओरडली नाही. बॅगेतून नवी मोठी सिरिंज काढली, पुढे जाड नळी लावली आणि माझ्याच भोकातून ऑइल ओढायला बसली. दर खेपेला मला पुसायची, बुडवायची, बघायची. पाचव्या खेपेला ऑइल दोन खुणांच्या मधोमध! पुष्कळ मेकॅनिकांचे हात पाहिलेत मी, पण पेशंटला धरावं तसं इंजिनाला धरणारा हात हा एकच.

आता माझ्या खुणा झिजल्यात, मानेभोवतीचं रबर कडक झालंय. एकच मागणं: मला विचारण्याआधी गाडी सरळ उभी करा. नाहीतर मी फसवणारच. या वयात कुठे सुधारू?

दादा दारात ब्रश चावत उभा होता. "अगं, काडी कोरडी होती! तीस वर्षं गाड्या चालवतोय मी."

हेल्मेटचा पट्टा लावत ती म्हणाली, "चालवतोस रे दादा. उभी करायला कधी शिकणार?"