माझं दार समुद्राकडे का आहे

मित्रांनो, इमारतीने एका जागी गप्प उभं राहावं, अशी जगाची अपेक्षा असते. मी एक जुनी लाकडी इमारत आहे, आणि नव्वद वर्षांत ही एक गोष्ट मला कधी नीट जमली नाही.

दोष माझ्या सुताराचा. चिली देशातल्या चिलोएच्या बेटांमधल्या लामेल्का या लहान बेटावर, अगदी टोकाला, रुपेर्तोने मला बांधलं. त्याचा खरा धंदा होड्या बांधण्याचा. घर बांधायला सांगितल्यावर तो फार विचार करत बसला नाही. त्याने एक होडी डोळ्यांसमोर आणली, ती पालथी घातली आणि कामाला लागला. माझ्या अंगात लोखंडाचा एक खिळा नाही. सगळे सांधे लाकडी खुंट्यांनी ठोकलेले. भिंतींवर माशाच्या खवल्यांसारख्या लाकडी चकत्या. येणाऱ्याजाणाऱ्याला तो सांगायचा, "घर म्हणजे तरी काय, पालथी होडीच." हे त्याने माझ्यासमोर बोलायला नको होतं. तेव्हापासून भरतीची चाहूल लागली की मला स्वस्थ बसवत नाही.

माझी पहिली नोकरी बटाट्याच्या कोठाराची. बटाटे हे शांत बिऱ्हाड. पण वसंत आला की त्यांनाही कोंब फुटायचे आणि त्यांनाही कुठेतरी जायचं असायचं, त्यामुळे आमचं पटायचं. पुढे बेटाला शाळा हवी झाली. कोणीतरी मला झाडलं, आत एक काळा फळा ठोकला, आणि मी शाळा झाले. भिंती त्याच, छप्पर तेच. फक्त आतला आवाज वाढला. साठ सालच्या मोठ्या भूकंपात दगडी चौथऱ्यांची घरं बसली. मी मात्र डावीकडे गेले, उजवीकडे गेले आणि परत जागेवर आले. सारं गाव तीन आठवडे माझ्या पोटात राहिलं. सगळ्यांनी माझं कौतुक केलं. मित्रांनो, खरं सांगायचं तर मला त्या हलण्यात मजाच आली होती, पण कौतुक होत असताना असं बोलू नये.

मग माणसं पांगली. तरुण कामासाठी दक्षिणेला, पुंता आरेनासला गेले. उरलेल्यांनी खाडीपलीकडे, धक्क्याजवळ घरं केली. चाळीस मुलांची वीस झाली, विसाची तीन झाली, आणि तीन मुलांसाठी मास्तर परवडत नाही असं सरकारने कळवलं. दाराला कुलूप लागलं. सहा वर्षं मी रिकामी होते. एकाने मासे धुरावर सुकवायला माझ्या दोन फळ्या नेल्या, "परत आणून देतो" म्हणाला. माणूस शब्दाचा पक्का असावा. अजून आणतोच आहे. रिकामं घर लवकर कुजतं. लाकूड कामाने झिजत नाही, मित्रांनो, वाट पाहून झिजतं.

आता एर्मिंदाताईंची ओळख करून देते. ताई बेटाच्या आरोग्यसेविका. त्यांचा दवाखाना म्हणजे त्यांचंच स्वयंपाकघर. निम्मे रुग्ण चुलीवरच्या पावाच्या वासाने आजारी पडायचे. मागच्या हिवाळ्यात मात्र हसण्यासारखं काही राहिलं नाही. ओतिलिया आजींचा नवरा तापाने फणफणला. वादळात मोठ्या बेटाकडे होडी निघेना, आणि स्वयंपाकघरात जेवढं औषध होतं तेवढं पुरलं नाही. तो गेला.

त्यानंतर आरोग्य खात्याचं पत्र आलं. ३१ मार्चपर्यंत धक्क्याजवळ दवाखान्याची इमारत उभी दिसली, तर महिन्यातून दोनदा नर्स येईल आणि औषधांचा फ्रीजही मिळेल. नाही दिसली, तर लामेल्काचं नाव यादीतून कमी होईल. पत्र आलं तेव्हा फेब्रुवारी अर्धा संपला होता.

गावाची बैठक भरली. दीड महिन्यात नवी इमारत कशी उभी करायची यावर खूप चर्चा झाली, म्हणजे कोणालाच काही सुचत नव्हतं. शेवटी ओतिलिया आजी म्हणाल्या, "शाळा आहे की उभी."

"ती खाडीपलीकडे आहे, आजी," बेलार्मिनोकाका म्हणाले. बेटावरचे सर्वांत तगडे बैल काकांचे, त्यामुळे शेवटचा शब्दही सहसा त्यांचाच.

"मग आणा तिला. तिला पाय नसतील, तुझ्या बैलांना आहेत ना?"

मिंगा ठरली. ज्याचं काम त्याने सर्वांना जेवण घालायचं, आलेल्यांनी अंग मोडेपर्यंत राबायचं, आणि उद्या त्यांच्याकडे काम निघालं की यानेही जायचं, ही आमच्याकडची जुनी रीत. घर हलवायचं म्हणजे मिंगाच. नकाशा मंजूर करायला मोठ्या बेटावरून खात्याचे गोयकोलेआ साहेब आले. त्यांनी कागदावर चौकोन काढला, रस्ता काढला, आणि चौकोनाचं दार रस्त्याकडे काढलं. "दार रस्त्याकडेच हवं," ते दोनदा म्हणाले. बेटावर वाहनं तीन आहेत, त्यातलं एक चालतं.

ठरलेल्या दिवशी सकाळी माझी दारं-खिडक्या काढल्या. फळा काढायचं कोणाच्या लक्षात आलं नाही. खाली ओंडके सरकवले, आठ जोड्या बैल जुंपले, आणि काकांनी आरोळी दिली. मी हलले. मित्रांनो, मी नव्वद वर्षांची आहे, पण त्या क्षणी मी जेमतेम नऊ वर्षांची होते. उतारावरून वाळूपर्यंत आणलं, कडेने रिकामी पिंपं बांधली, आणि मला भरतीची वाट पाहत ठेवलं. पाण्यात तीन होड्या दोर घेऊन तयार होत्या. माझी दाराची बाजू पुढे करून ओढायची, म्हणजे पलीकडे दारच आधी किनाऱ्याला लागेल आणि रस्त्याकडे तोंड होईल, असा बेत होता.

तेवढ्यात एर्मिंदाताईंनी माते फिरवायला घेतला. हा आमचा कडू पाल्याचा चहा. पेला म्हणून एकच पोकळ भोपळा, एकच नळी, आणि गोलातल्या प्रत्येकाचं पिऊन झाल्याशिवाय कोणी उठायचं नाही. त्या दिवशी गोल साठ जणांचा होता. एकविसावा नंबर रोसामेलचा. तो पुंता आरेनासहून खास मिंगेसाठी आलेला, आणि त्याच्याकडे मेंढ्यांच्या पुष्कळ गोष्टी होत्या. भोपळा हातात धरून त्याने पहिली मेंढी सुरू केली.

"रोसामेल, तो माते आहे, मायक्रोफोन नाही," आजी म्हणाल्या.

"होतंच आलं, आजी. तर ती मेंढी..."

पाणी वाढत होतं. माझ्या बुडाखाली गार हात फिरल्यासारखं झालं. शहाण्या इमारतीने थांबायला हवं होतं. दोष थोडा माझाही आहे, हे मी इथे कबूल करते. रोसामेलची तिसरी मेंढी कुंपण ओलांडत होती, तेव्हा मीही ओलांडलं. मी तरंगले, आणि कोणालाही न विचारता निघाले.

मग धांदल उडाली. प्रवाहाने मला गर्रकन फिरवलं. होडीवाल्यांनी मिळेल त्या टोकाला दोर बांधला, आणि ते टोक नेमकं मागचं निघालं. अर्ध्या खाडीत काकांच्या ते लक्षात आलं. आता वळवायला गेलं तर भरती निघून जाणार. ओहोटीत मी चिखलात रुतले असते, तर पुढच्या मोठ्या भरतीपर्यंत मार्च उलटून गेला असता. त्या दिवशी तारीख होती २९ मार्च.

काकांनी एर्मिंदाताईंकडे पाहिलं. ताई होडीत उभ्या होत्या, हातात अजून तो भोपळा.

"उलटी तर उलटी," ताई म्हणाल्या. "ओढा."

पलीकडच्या बैलांनी मला पाठमोरी ओढून धक्क्याजवळ बसवलं. रस्त्याकडे माझी सपाट भिंत, समुद्राकडे दार. मग जमिनीतल्या खड्ड्यात तापलेल्या दगडांवर शिंपले, मांस आणि बटाटे शिजले, आणि माझ्या उलटेपणाबद्दल कोणी काही बोललं नाही. पोट भरल्यावर चुका लहान दिसतात. मला मात्र चैन नव्हतं. दोन नोकऱ्या करून झालेल्या म्हातारीला तिसरी मिळता मिळता हातची जाते की काय, या धास्तीने माझी खुंटीन् खुंटी कुरकुरत होती.

३१ तारखेला गोयकोलेआ साहेब आले. बेटावरच्या त्या एका वाहनातून रस्त्याने आले आणि भिंतीसमोर उतरले. त्यांनी कागद पाहिला. भिंत पाहिली. परत कागद पाहिला.

"दार कुठे आहे?"

"पलीकडून आहे, साहेब," ताई म्हणाल्या. "या ना, जपून."

साहेब म्हणाले की पाहायची गरज नाही, हे नकाशाप्रमाणे नाही, सही होणार नाही, लामेल्काचं नाव आज संध्याकाळी कमी होईल. ताईंचा चेहरा उतरला. ओतिलिया आजी नवऱ्याची टोपी हातात घेऊन उभ्या राहिल्या. साहेबांना त्या टोपीकडे बघवेना. "बरं, निदान आतून पाहतो," असं पुटपुटत ते कडेने निघाले, आणि ओहोटीच्या चिखलात घसरून आडवे झाले.

पाय मुरगळला होता. ताई आणि काकांनी त्यांना उचललं, माझ्या दारातून आत आणलं, बाकावर बसवलं. ताईंनी फळ्यासमोर उभं राहून पायाला पट्टी बांधली. दुखणं ओसरलं तसं साहेबांना सरकारी माणसासारखं आठवलं की कामावर असताना झालेल्या दुखापतीची नोंद दवाखान्यातच व्हावी लागते. नाहीतर रजा आपल्या खात्यातून जाते.

"नोंद करून द्या," ते म्हणाले.

"कुठे करू?" ताईंनी शांतपणे विचारलं. "इथे दवाखाना नाही. तुम्हीच म्हणालात."

एव्हाना भरतीचं पाणी माझ्या पायरीपर्यंत चढलं होतं. तेवढ्यात खाडीतून एक होडी आली आणि थेट माझ्या पायरीला लागली. एका बाईने तापलेलं मूल कडेवर घेतलं, दोन पावलं टाकली आणि आत आली. तिला चिखल लागला नाही, रस्ता लागला नाही. साहेबांनी होडीकडे पाहिलं, मुलाकडे पाहिलं, आजींच्या हातातल्या टोपीकडे पाहिलं. मग त्यांनी नकाशा मांडीवर ठेवला, हळूच उलटा फिरवला, आणि सही केली.

नोंदवहीत पहिलं नाव त्या मुलाचं आहे. साहेबांचं दुसरं. ताईंनीच तसं लिहिलं.

मित्रांनो, तुमच्या गावात एखादी जुनी इमारत कुलूप लावून उभी असेल. ती पूर्वी काय होती, हे सगळे सांगतील. ती अजून काय होऊ शकेल, हे तिला कोणी विचारत नाही. पाडण्याआधी तिच्या भिंतीवर एकदा टिचकी मारून बघा. आतून भरीव आवाज आला, तर तिला काम द्या. आणि फळ्या नेल्या असतील, तर आणून द्या.

माझ्या फळ्यावर आता एका बाजूला नर्स येण्याचे दिवस असतात, दुसऱ्या बाजूला भरतीच्या वेळा. त्या वेळा ताई रोज सकाळी लिहितात, रुग्णांच्या सोयीसाठी. मीही वाचते. सवय जात नाही. म्हणून काकांनी माझे समुद्राकडचे दोन्ही कोपरे दोराने खडकाला बांधून ठेवले आहेत.