हातोडीला स्वेटर

खाली पत्र्याच्या पेट्यांचं दुकान, वर घर. खाली ठक्ठक, वर बडबड. या घरात कुणी हळू बोललं की आधी त्याच्या कपाळाला हात लावून पाहत. बाबा पत्रा ठोकत. त्यांची थोरली बहीण, म्हणजे आत्या, कड्या-कोयंडे बसवता बसवता गाणी जुळवी. आई पेट्या रंगवी आणि गिऱ्हाइकांशी गोड हुज्जत घाली. पंधरा वर्षांची खिळी या आवाजातच वाढली. खिळी हे काही तिचं खरं नाव नव्हे. चालायला लागल्यापासून ती दुकानातल्या खिळ्यांची टोकं एका दिशेला लावत बसायची, म्हणून आत्यानं ते ठेवलं होतं.

गेल्या महिन्यात डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, खिळीला ऑटिझम आहे. जग तिला जरा वेगळं दिसतं, वेगळं ऐकू येतं.

खिळीनं नीट ऐकून घेतलं आणि विचारलं, "म्हणजे मी हट्टी नाही?"

"नाही गं."

"मग हे आत्याला सांगा."

बाईंनी आत्यालाही सांगितलं. आत्यानं मुकाट मान डोलावली. अशी वेळ तिच्यावर क्वचित यायची. उठता उठता बाई म्हणाल्या, "काही आवाज हिला फार टोचत असतील. कुठले, ते हिलाच विचारा."

बाबांच्या मनात 'टोचतात' एवढंच रुतलं, विचारायचं राहून गेलं. घरी येईपर्यंत ते एकच घोकत होते, "जन्मल्यापासून पोरीच्या कानाशी पत्रा ठोकतोय मी. बाप आहे की वैरी!"

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी जुन्या स्वेटरच्या बाह्या कापल्या आणि एकेक हातोडीला चढवल्या. वर सुतळीनं घट्ट आवळल्या.

आत्या बघतच राहिली. "काय रे, हातोडीला सर्दी झाली का?"

"हळू बोल, ताई!"

मग सगळेच हळू बोलू लागले. आई खुणांनी बोलावी, आत्या ओठातल्या ओठात पुटपुटे. गिऱ्हाईक आलं की तेही दारातच आवाज खाली आणून विचारी, "कुणी गेलं का हो घरातलं?"

आणि ज्या पोरीसाठी हा खटाटोप, ती खोलीतून बाहेर येईना. रोज दुपारी बाबांजवळच्या स्टुलावर येऊन बसणारी खिळी जिना उतरेना. दाराशी ठेवलेलं ताट तसंच परत येई. आईनं हलकेच टकटक केली, तर आतून उत्तर आलं, "नको."

"अजून आवाज होतोय आपला," बाबा म्हणाले आणि हातोडीवर आणखी एक बाही चढवली. आता पत्रा 'ठक्' म्हणेना, नुसता 'भप्' म्हणे. झाकणं वाकडी निघू लागली. आत्यानं एक झाकण वर धरून पाहिलं आणि कुजबुजत्या सुरात गाणं जुळवलं:

"पेटी गं सजली, झाकण बसेना,
खिळी गं रुसली, घास गं उतरेना..."

"रुसली नाही ती," आई म्हणाली. तिचे डोळे भरून आले होते. "आपल्यातून उठून लांब चाललीय. हाक मारायची तर त्याचीही भीती वाटते."

तेवढ्यात जिन्यावर पावलं वाजली. मधल्या पायरीवर खिळी उभी होती. केस पिंजारलेले, उशी पोटाशी धरलेली.

"तुम्ही सगळे माझ्यावर रागावलात का?"

तिघंही एकदम कुजबुजली. त्यातलं कुणालाच काही कळलं नाही.

"मोठ्यानं बोला!" खिळी ओरडली. "ऑटिझम आहे म्हणून रागावलात?"

"नाही गं माझ्या सोन्या!" बाबांचा खरा आवाज इतक्या दिवसांनी सुटला आणि रंगाचे डबे थरथरले. "तुला आवाज टोचतात ना, म्हणून..."

"हातोडी कुठे टोचते? ती सांगून येते. हात वर जातो, मग खाली येतो." खिळी एक पायरी उतरली. "तोंड बघून मला कुणाचं काही कळत नाही, बाबा. ठोक्यावरून कळतं. खुश असलात की तुम्ही एक ठोका हळूच मारता, मग दोन जोरात. चिडलात की ठोके पुढे पुढे पळतात. आता नुसतं भप् भप्. वर बसून मी ऐकत होते, तर खाली माझं कुणी नव्हतंच."

बाबांनी हातातली हातोडी उलटसुलट करून पाहिली. इतकी वर्षं पत्रा ठोकला, पण आपण त्यातून बोलतो हे त्यांना ठाऊक नव्हतं.

"मग टोचतं तरी काय?" आत्यानं विचारलं.

"तू. जेवायला ये म्हणून जिन्याखालून अचानक किंचाळतेस ते. आई पत्रे धाडकन टाकते ते. आधी सांगत नाही तुम्ही."

"एवढंच? मग आम्ही सांगू की!"

बाबांनी सुतळ्या कापल्या, स्वेटर उतरवले. मोकळी हातोडी पत्र्यावर पडली: एक हळूच, दोन जोरात. खिळीनं ऐकलं, उशी पायरीवर ठेवली आणि स्टुलावर येऊन बसली. "भूक लागली," ती म्हणाली. आई पळत वर गेली आणि अर्ध्या जिन्यावरूनच ओरडली, "आता भांडं वाजणार हं!"

तेव्हापासून त्या दुकानात सगळं सांगून होतं. "पत्रा टाकतेय!" "शटर ओढतोय!" गिऱ्हाइकंसुद्धा शिकली. एकजण तर दारातून म्हणाला, "मी आता घासाघीस करणार हं!"

काल दुपारी आत्यानं हात वर केला. "थांबा! शिंकतेय!"

बाबांची हातोडी हवेत थांबली. आईचा ब्रश थांबला. खिळीनं कान झाकून घेतले. सगळे वाट बघत राहिले. आत्याचं तोंड उघडं, डोळे मिटलेले.

"गेली," आत्या खिन्नपणे म्हणाली.

खिळी इतकी हसली की स्टुलावरून घसरली. "पुढच्या वेळी नक्की असेल तरच सांग," ती म्हणाली आणि बाबांच्या हातोडीकडे बोट दाखवून म्हणाली, "हं, मारा."

एक हळूच, दोन जोरात.