दोन नावांचा पास

गुरुनाथरावांनी लक्झेंबर्ग हा देश स्टेशनातल्या बाकावर बसून पाहिला. पाटीसमोर बायकोबरोबर फोटो काढला, डब्यातली पोळी-भाजी खाल्ली आणि परतीची गाडी पकडली. रात्री नेदरलँड्समधल्या न्यूनेनला मुलाच्या घरी पोचल्यावर यतीनने विचारलं, कसं होतं बाबा? "लक्झेंबर्ग झालं," ते म्हणाले. बेल्जियम आदल्या दिवशीच झालं होतं. सरकारी खात्यात अभियंता म्हणून उभी हयात गेलेली; पाहणी दौरा कसा उरकायचा हे त्यांना कोणी शिकवायची गरज नव्हती.

या सगळ्याच्या मुळाशी एक पास होता. २०१४ च्या उन्हाळ्यात ते आणि संध्याबाई मुलाकडे यायला निघाले, तेव्हा ठाण्यातल्या ट्रॅव्हल एजंटने तो त्यांना काढून दिला होता. सलग पंधरा दिवस युरोपभर कुठेही हिंडा. शिवाय जोडप्याने घेतला तर सवलत: दोघांत मिळून एकच पास, त्यावर दोघांची नावं, वरती त्यांचं, खालती बायकोचं. अट एवढीच की दोघांनी कायम बरोबर प्रवास करायचा. ही अट गुरुनाथरावांना अट वाटलीच नाही. लग्नाचं वर्णन वाटलं.

सून रूपाली यतीनच्या मागोमाग डिपेंडंट व्हिसावर इथे आली होती आणि नोकरीला लागेपर्यंतची दोन वर्षं ती अजून विसरली नव्हती. तिने पास उलटसुलट करून पाहिला आणि म्हणाली, "आई, तुम्हालाही डिपेंडंटच केलं की यांनी." सगळे हसले. संध्याबाईही हसल्या, पण जरा उशिरा.

पास सलग असल्यामुळे ज्या दिवशी गाडीत बसलो नाही, तो दिवस बुडाला, असा गुरुनाथरावांचा हिशेब होता. पास वसूल व्हायला हवा. त्यासाठी सीमा ओलांडायच्या. सीमेपलीकडे काय आहे, हा प्रश्न त्यांच्या लेखी पर्यटकांचा होता.

संध्याबाईंना या सगळ्या खंडातली एकच जागा हवी होती. कोलोनला वसुधा राहायची. कॉलेजच्या होस्टेलमध्ये दोघी एका खोलीत होत्या. पुढे वसुधा लग्न करून जर्मनीला गेली आणि त्यानंतर भेट झाली ती फक्त फोटोंतूनच. हिवाळ्यात तिचा नवरा गेला. आता ती घर मोडून मुलीकडे कॅनडाला निघाली होती, याच महिन्याच्या अखेरीस. दोन दिवस ये, मग काही मी तुला सापडत नाही, असं तिने फोनवर सांगितलं होतं. ठाण्याहून निघायच्या आधीच संध्याबाईंनी हे दोन दिवस मागून घेतले होते आणि गुरुनाथराव "बघू" म्हणाले होते. त्यांच्या घरात "बघू" म्हणजे होकार, असं त्या इतकी वर्षं समजत आल्या होत्या.

कोलोनच्या दिवशी सकाळी दोघं आइंडहोवनहून व्हेन्लोला आले. इथून पुढे जर्मनीची गाडी. ती फलाटावर दारं उघडून उभीच होती. गुरुनाथराव थर्मासमधला चहा ओतता ओतता म्हणाले, की कोलोनला बाझेलची गाडी लगेच आहे, तेव्हा वसुधाताईंना फलाटावरच यायला सांगितलंय. संध्याबाई अंघोळीला गेल्या होत्या तेव्हा फोन केला होता. स्वित्झर्लंड बाकी आहे, दोन दिवस एका गावात बसलो तर पास पाण्यात. अर्धा तास मिळेल, पुष्कळ झाला.

"ती काय म्हणाली?"

"ठीक आहे म्हणाल्या. समजूतदार आहेत."

संध्याबाईंना ते "ठीक आहे" ऐकू आलं. होस्टेलवर घरून मनीऑर्डर आली नाही की वसुधा याच आवाजात जेवायचं नाही म्हणायची.

त्यांनी चहाचा पेला तसाच बाकावर ठेवला. "मी दोन दिवस राहणार आहे. तुम्ही जा बाझेलला."

गुरुनाथराव हसले. रागावले असते तर बरं झालं असतं. "जाशील कशी? पास माझ्याकडे आहे."

संध्याबाई उठल्या आणि फलाटावरच्या तिकिटाच्या मशीनकडे गेल्या. रूपालीने निघताना त्यांच्या पर्समध्ये बळेच नोटा कोंबल्या होत्या. मशीनला इंग्रजी येत होतं. त्यांनी कोलोनचं एक तिकीट काढलं, जेवणाच्या डब्याची पिशवी उचलली आणि गाडीत चढून एकटीच्या सीटवर बसल्या. गुरुनाथराव मागून चढले, चार ओळी सोडून बसले आणि शेजारच्या डच माणसाकडे पाहून बायका अशाच, या अर्थाचं काहीतरी हसले. त्याने पेपर वर केला.

गाडी सुटली. काचेची हरितगृहं मागे पडली, पुन्हा तशीच आली. मधे कुठेतरी नेदरलँड्स संपलं. मग तिकीट तपासनीस बाई आली. गुरुनाथरावांनी पास पुढे केला. तिने दोन नावं वाचली आणि दुसरी व्यक्ती कुठाय विचारलं. त्यांनी बोट दाखवलं. बाई संध्याबाईंकडे गेली. त्यांनी आपलं तिकीट दाखवलं. तिने ते पाहिलं, परत देऊन टाकलं आणि इंग्रजीत विचारलं, तुम्ही या गृहस्थांबरोबर आहात का? नसाल तर त्यांचा पास चालणार नाही. त्यांना तिकीट घ्यावं लागेल, वर दंड.

गुरुनाथराव घाईघाईने चालत आले. "अगं, सांग तिला."

"काय सांगू?"

"बरोबर आहोत म्हणून. आहोतच ना."

"आधी वसुधाला फोन लावा. मी राहत नाही म्हणून तिला तुम्ही कळवलंत, आता राहतेय हेही तुम्हीच सांगा."

"आत्ता? बॉर्डर गेली, रोमिंग लागेल."

"मग दंड भरा."

तपासनीस बाईला मराठीतलं काही कळलं नसावं, पण ती सीटच्या दांडीला टेकून उभी राहिली. गुरुनाथरावांनी सीमेआधी न चुकता बंद केलेला फोन चालू केला. जर्मनीत स्वागत असो, असा संदेश आला. त्यांनी नंबर लावला.

"वसुधाताई, सकाळी मी जरा घोटाळा केला. संध्या राहणार आहे. दोन दिवस." पलीकडून काहीतरी बराच वेळ बोललं गेलं. "हो. नाही, तिने नाही, मीच. हो, ऐकतोय."

फोन खिशात गेला. संध्याबाईंनी बाईकडे पाहून मान डोलावली. बरोबर आहोत. बाईने पासवर शिक्का मारला आणि पुढे गेली.

गुरुनाथराव समोर बसले. पास पाकिटात ठेवत म्हणाले, "ते ठीक आहे. पण मी तिथे दोन दिवस काय करणार?"

"तिचं घर आवरायचंय," संध्याबाई खिडकीबाहेर बघत म्हणाल्या. "खोकी बांधा."

त्यांनी डब्याकडे हात नेला. संध्याबाईंनी पिशवी उचलून मांडीवर घेतली.

"हा वसुधाचा आहे."