मबियालाच्या नावाचा दगड

मटोंडोच्या पायात बूट नव्हते, तिथून सगळं सुरू झालं.

आता किन्शासातल्या आमच्या योलो वस्तीत कुणाच्या पायात बूट नसणं ही काही बातमी नव्हे. अर्धी वस्ती रबरी चपलांवर दिवस काढते. पण मटोंडो? इस्त्रीची घडी मोडेल म्हणून बसमध्ये रिकामी जागा असली तरी उभा राहणारा माणूस! दोन घास कमी खाईल, पण बुटांना पॉलिश केल्याशिवाय उंबरा ओलांडणार नाही. सुसरीच्या कातड्याचे लालभडक बूट, डाव्या टाचेला पितळेची पट्टी. तसा जोड अख्ख्या किन्शासात दुसरा नव्हता. आणि हाच मटोंडो वर्षभर चपला फटकारत हिंडत होता. रविवारी नटूनथटून मिरवणं बंद. कुणी विचारलं तर म्हणायचा, "चांभाराकडे दिलेत."

"वर्षभर?" ममा बोलुंबु म्हणायची. "तो चांभार बूट शिवतोय की सुसर वाढवतोय?"

बायका हसायच्या. बोलुंबु मात्र हसत नसे. ती चौकात केळीच्या पानात भाजलेले मासे विकायची, आणि मासा ताजा आहे की शिळा हे जसं डोळ्यांत बघून ओळखायची, तशी माणसं ओळखता येतात असा तिचा समज होता.

तिचा नवरा मबियाला दीड वर्षापूर्वी छातीच्या दुखण्यानं गेला. 'लिकोलो स्तार' बँडच्या चाहत्यांचं योलोतलं मंडळ त्यानंच काढलं होतं. पिवळे शर्ट त्याचे, बायकांचे पिवळे डोक्याचे रुमाल त्याचे, नियमही त्याचेच. पहिला नियम सगळ्यांना तोंडपाठ होता: चोरीची नक्कल विकत घ्यायची नाही. कॅसेट असो, व्हिडिओ असो, घेईन तर अस्सल, नाहीतर उपाशी राहीन. जो नक्कल घेईल त्याचा पिवळा रंग भर सभेत उतरवायचा. मबियालानं आपल्या सख्ख्या भाच्याचा शर्ट उतरवला होता, तिथं बाकीच्यांची काय कथा.

जाताना त्यानं काही मागितलं नाही. ना जमीन, ना शवपेटीला पितळी कड्या. फक्त म्हणाला, "एकदा माझं नाव गाण्यात पडू दे."

आमच्याकडे गाणं रंगात आलं की बँडचा आरोळ्या ठोकणारा मधेच एखाद्याचं नाव हाणतो. त्याला आम्ही दगड म्हणतो. दगड मंत्र्यांचे पडतात, हिऱ्यांच्या दलालांचे पडतात, पॅरिसला पळालेल्या भामट्यांचे तर ढिगानं पडतात. मबियालासारख्या साध्या सुताराचा दगड कोण फेकणार? फुकटात तर नाहीच. म्हणून मंडळानं दोन बोकड आणि रंगीत कापडाचा एक गठ्ठा बँडला भेट पाठवला. नेऊन कोण देणार, तर मटोंडो. कारण लिकोलो स्तारचा आरोळीवाला, ज्याला सगळं शहर सायरन म्हणून ओळखतं, तो लहानपणी शाळेत मटोंडोच्या बाकावर बसायचा.

कॅसेट आली. सहा गाणी, चाळीसेक नावं. मबियाला नाही.

"थांबा," मटोंडो म्हणाला होता. "व्हिडिओ निघणारेत. त्या वेळी सायरन नव्यानं ओरडतो. तेव्हा पडेल."

आमच्याकडे नवरा जाऊन वर्ष भरलं की विधवा काळं कापड उतरवते. दीर सांगून थकला, सासूनं पांढरं कापडसुद्धा आणून ठेवलं. बोलुंबुनं हात लावला नाही. "नाव पडू दे," ती म्हणाली, "मग उतरवीन." काळ्या कपड्यावर मंडळाचा पिवळा रुमाल बांधून ती दर शनिवारी सभेला यायची आणि मटोंडोच्या समोरच बसायची. त्याच्या तोंडाकडे नाही, पायांकडे बघत.

संशयाचं एक वाईट असतं. एकदा घरात शिरला की तो भांडीसुद्धा आपल्याच हातानं मांडायला लागतो. मटोंडोच्या बायकोनं नवं कापड नेसलं. गठ्ठ्यातलं तर नाही? पाण्याच्या नळावर बोलुंबु मुद्दाम तिच्या मागं जाऊन उभी राहिली आणि किनार निरखू लागली. गठ्ठ्यातल्या कापडावर मोर होते, हिच्या अंगावर पंखे होते. पण पंखा आणि मोराचा पिसारा, लांबून सारखेच की! मटोंडोकडे मटण शिजलं, तर कुठल्या बोकडाचं? अगं बाई, ते बोकड वर्षापूर्वीचे! तरी तिला वास येत राहिला.

आणि ते बूट. भूक लागली असेल, विकले असतील. दोन बोकड खाऊनसुद्धा भूक भागली नसेल मेल्याची.

शेवटी कळलं की सगळ्या गाण्यांच्या व्हिडिओंची एकत्र चकती रविवारी निघणार. मंडळाचा अध्यक्ष पापा कबेया रांगेत उभा राहून अस्सल चकती आणणार, आणि त्याच्याच बिअरच्या अंगणात दुपारी सगळे मिळून बघणार. बोलुंबुला रविवारपर्यंत धीर धरवेना. पुन्हा नाव नसलं तर? सगळ्यांसमोर, काळ्या कपड्यात, ती तशीच बसून राहणार का?

गुरुवारी ती व्हिक्त्वारच्या चौकात गेली. तिथं चकत्या निघायच्या आधीच विकायला येतात. कशा येतात ते विचारू नये. पिवळा रुमाल तिनं पिशवीत कोंबला, मान खाली घातली आणि एक नक्कल घेतली. वेष्टनावरचे चेहरे इतके पुसट होते की बँडचा पुढारी कुठला आणि नाचणाऱ्या पोरी कुठल्या तेही कळेना.

तिची मैत्रीण एयेंगा केस विणायची. तिच्याकडे टीव्ही होता.

"तू? नक्कल?" एयेंगाच्या हातातला कंगवा तसाच राहिला. "मबियाला थडग्यातून उठून येईल हं!"

"येऊ दे. मलाही त्याच्याशी बोलायचंच आहे. लाव."

सहा गाणी दोघींनी कानात प्राण आणून ऐकली. मंत्री पडला, दलाल पडला, त्वचा गोरी करायचं मलम विकणारी एक बाई तर तीनदा पडली. सहावं संपलं, पडदा निळा झाला, आणि चकती पुन्हा पहिल्यापासून सुरू झाली.

"नाही," एयेंगा हळूच म्हणाली.

बोलुंबु रडली नाही. तिला चक्क बरं वाटलं, आणि त्याची पुढं तिला फार लाज वाटायची होती. वर्षभर जे मनात होतं ते खरं निघालं होतं.

शनिवारी सभेत ती उभी राहिली. "पापा कबेया, उद्याची वाट कशाला बघायची? नाव नाहीये. ज्यानं व्हिडिओ बघितलेत त्यानंच मला सांगितलं."

"कुणी?"

"आहे एक. नाव कशाला घेऊ?" मग ती मटोंडोकडे वळली. "आता तरी सांग. बोकड कुणाच्या पोटात गेले? कापड कुणाच्या पेटीत आहे? आणि बूट कुठंयत तुझे? मेलेल्या माणसाच्या नावावर जेवलास ना रे?"

मटोंडो उभा राहिला. चाळिशीचा माणूस, पण शाळेतल्या पोरासारखे हात बाजूला. "ममा, बोकड मी पोचवले. बँडच्या पुढाऱ्याच्या हातात दोर दिला."

"मग नाव का नाही पडलं?"

तो "उद्यापर्यंत थांबा," एवढंच म्हणाला.

"थांबा! वर्षभर हेच ऐकतेय मी! माझं काळं कापड विटून राखाडी झालं, तरी याचं थांबा संपेना!"

विधवेच्या शब्दापुढं कबेया तरी काय करणार? मागून कुणीतरी ओरडलं, "शर्ट काढ!" मग सगळेच ओरडले. मटोंडोनं एकेक गुंडी सोडली. शर्टाची अगदी नीट घडी घातली, बाह्या आत, कॉलर वर, आणि बोलुंबुसमोरच्या टेबलावर ठेवला. गंजीवर आणि चपलांवर तो निघून गेला. सवय ती सवय. घडी कशी एक नंबर होती.

रविवारी दुपारी कबेयाच्या अंगणात मुंगीला शिरायला जागा नव्हती. वीज नव्हतीच, जनित्र धडधडत होतं. कबेयानं अस्सल चकतीचं चकचकीत झाकण सगळ्यांना फिरवून दाखवलं, आणि पहिलं गाणं लागलं. मग काय विचारता! आमचे चाहते गाणं बघत नाहीत, पंचनामा करतात.

"हा बंगला भाड्याचा आहे. मागच्या वर्षी दुसऱ्या बँडच्या व्हिडिओत हाच होता!"

"आणि ती गाडी? तिन्ही गाण्यांत तीच, नुसता रंग बदललाय!"

"पुढारी केवढा सुटलाय बघा. कंबर हलवतोय की पोतं सरकवतोय?"

"दोन बोकड खाल्ल्यावर असंच होणार," कुणीतरी म्हणालं, आणि अंगण खदखदलं.

बोलुंबु एका कडेला बसली होती. मांडीवर मटोंडोचा शर्ट होता. कबेयानं तो तिलाच ठेवायला दिला होता. गाणी तिला पाठ होती, नावंही. कुठं कोण पडणार हे तिला आधीच ठाऊक होतं, आणि आपल्याला ते ठाऊक आहे हे कुणाला कळू नये म्हणून ती प्रत्येक नावाला इतरांबरोबर मान हलवत होती. सहावं गाणं संपलं. ती उठायच्या तयारीत होती.

पडदा निळा झाला नाही.

सातवं गाणं सुरू झालं. ते कॅसेटवर नव्हतंच, खास व्हिडिओसाठी केलेलं. "अरे, हे कुठलं?" म्हणत लोक पुढं सरकले. नाचणाऱ्या पोरी बाजूला झाल्या, सायरन मधोमध आला, कॅमेरा त्याच्या तोंडावरून खाली, खाली, पार पायांपर्यंत गेला.

लालभडक बूट. सुसरीचे. सायरननं गिरकी घेतली आणि डाव्या टाचेची पितळेची पट्टी उन्हात चमकली.

"मटोंडोचे बूट!" कुणीतरी ओरडलं.

"मबियालाऽऽ!" सायरन बोंबलला. "मबियाला, योलोचा सुतार! मबियाला, नक्कल न घेणारा! मेला म्हणता? मग हाक कुणाला मारतोय मी? मबियालाऽऽ!"

लोक खुर्च्यांवर चढले. बाटल्या उलटल्या. म्हातारा कबेया दोन्ही हातांनी डोकं धरून रडत होता. एयेंगानं बोलुंबुला मिठी मारली, "पडलं गं, पडलं!" आणि बोलुंबु मात्र दगडासारखी बसली होती. नक्कल न घेणारा. पडद्यावरून तो तिच्याकडेच बघून बोलला असं तिला वाटलं.

"पण ममा," कबेयानं डोळे पुसत विचारलं, "तुम्हाला नाही म्हणून सांगणारा तो गाढव कोण?"

काही तरी नाव ठोकून देता आलं असतं. जिभेवर आलंही होतं.

"मीच," ती म्हणाली. "चौकात जाऊन नक्कल घेतली. चोरांनी सातवं गाणं घेतलंच नव्हतं, किंवा कापलं असेल, देव जाणे. मीच बघितलं, मीच खोटं बोलले." तिनं डोक्यावरचा पिवळा रुमाल सोडला आणि टेबलावर ठेवला. "त्याचाच नियम आहे. घ्या."

कुणी काही बोलायच्या आत ती उघड्या डोक्यानं अंगणाबाहेर पडली. हातात शर्ट होता.

मटोंडो आपल्या दारात बसून चपलेचा तुटलेला पट्टा तारेनं बांधत होता. ती दिसताच उठला.

"आता काय राहिलंय, ममा? गंजी हवीय का?"

"सातवं गाणं होतं," ती म्हणाली.

त्याच्या हातातली चप्पल खाली पडली. "मग? म्हणाला तो?"

"म्हणजे तुलाही माहीत नव्हतं?"

"कुठून असणार? बोकड आणि कापड पुढाऱ्यानं गिळलं, सायरनपर्यंत काही पोचलंच नाही. मग सायरन म्हणाला, बूट दे, व्हिडिओत टाकतो नाव. दिले. त्या दिवसापासून त्यानं माझा फोन उचललेला नाही. शाळेत माझी पाटी चोरायचा तो, त्याचा काय भरवसा? रोज वाटायचं, यानंही फसवलं. तुम्हाला कुठल्या तोंडानं सांगू?" तो थांबला. "कसं म्हणाला?"

बोलुंबुनं श्वास घेतला आणि चौकात मासे विकतानाच्या आवाजात, सगळी गल्ली दणाणेल असं, नवऱ्याचं नाव फेकलं. "मबियालाऽऽ! योलोचा सुतार!" नळावरच्या बायका वळून बघू लागल्या. दुसऱ्यांदा फेकताना तिचा आवाज फाटला आणि ती रडली, दीड वर्षाचं सगळं रडली. "माझं चुकलं रे बाळा," ती म्हणत होती, "फार चुकलं माझं."

मटोंडोनं तिच्या हातातून शर्ट घेतला. अंगात घालून एकेक गुंडी लावली, कॉलर सारखी केली. शेवटची गुंडी लावता लावता, खाली बघतच त्यानं विचारलं, "आणि बूट? बूट कसे दिसत होते?"

"चांभारानं छान शिवलेत," ती म्हणाली.