गरीब गवयाची तक्रार

भोपळ्या आणि त्याची आत्या यांच्यात वैर कधी सुरू झालं, याबद्दल घरात एकमत नाही. आई म्हणते, पाळण्यात वाकून पाहत आत्याने "हे डोकं की भोपळा?" असं विचारलं आणि ते नाव पोराला चिकटलं, तेव्हापासून. वडील म्हणतात, पोराने आत्याच्या टेपरेकॉर्डरमध्ये कॅसेटऐवजी जॅम लावलेलं बिस्किट घातलं, तेव्हापासून. आत्याला विचारलं तर ती म्हणते, "वैर? ते बरोबरीच्या माणसाशी असतं."

पुढे भोपळ्या मोठा झाला, डोक्यावरचे केस गेले आणि नाव जास्तच शोभायला लागलं. नोकरी लागली ती संगीताचं सॉफ्टवेअर विकणाऱ्या कंपनीत. त्या सॉफ्टवेअरला सगळे गाणारे-वाजवणारे पेटारा म्हणायचे. गाणं त्यात रेकॉर्ड करायचं, कापायचं, जोडायचं, वर घुमारा, म्हणजे देवळात गायल्यासारखा घुमणारा आवाज, चढवायचा. कंपनीची जाहिरात अशी, की या बाजूने बेडूक टाका, त्या बाजूने कोकीळ काढा. भोपळ्या बसायचा मदतकक्षात. पैसे भरून पेटारा घेतलेल्या माणसाची तक्रार ऐकायची आणि चूक त्याचीच आहे हे त्याला गोड शब्दांत पटवायचं, हे त्याचं काम. या कामात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता. एकदा एका वाद्यवृंदाच्या बाईंनी कळवलं, की घुमारा लावून ठेवलेलं गाणं मी खोलीबाहेर जाऊन आले की सुरात खाली उतरलेलं असतं. भोपळ्याने उत्तर धाडलं, "बाई, एकदा कान तपासून घ्या." पुन्हा त्या बाईंनी तोंड उघडलं नाही.

कंपनीने कधीकाळी हौसेने पेटाऱ्याची, लिनक्स या फुकट मिळणाऱ्या संगणक-प्रणालीवर चालणारी आवृत्तीही काढली होती. हौस फिटली, आवृत्ती उरली. मग ती आतल्या कोडसकट फुकट सोडून दिली आणि वापरणाऱ्यांच्या ऑनलाइन फोरमवर पाटी लावली: "ही आम्हीच बनवली आहे, पण बिघडल्यास आम्हाला विचारू नये. एकमेकांना विचारावे."

लोक एकमेकांना विचारू लागले, आणि उत्तरं द्यायला बसली कोण, तर आत्या.

आत्या एका नाटकगृहाचा आवाज सांभाळायची. ढगांचा गडगडाट, घोड्यांच्या टापा, रडणारं मूल, कुरकुरणारं दार, दाराबाहेर खोकणारा म्हातारा, असा सगळा ऐवज तिने आयुष्यभर जमवून लिनक्सच्या पेटाऱ्यात भरला होता. पेटाऱ्यात भरलेलं पेटाऱ्यालाच उघडतं. ही आवृत्ती बंद पडली आणि पुढे नाटकगृहाचं जुनं मशीन बसलं, की घोडे मुके, ढग मुके, म्हातारा खोकल्याशिवाय मेला. नवा, विकतचा पेटारा घ्यायची नाटकगृहाची ऐपत नव्हती आणि आत्याची इच्छा नव्हती. आपल्या भाच्याच्या कक्षात फोन करायचा? त्यापेक्षा तिने स्वतःच्या तोंडाने घोडे पळवले असते.

फोरमवाले होतेही आत्यासारखेच हट्टी. कोणी बिघाड सांगितला की इतरांनी तो आपापल्या घरी घडवून आणायचा, असा त्यांचा रिवाज. त्याला ते 'पाडणं' म्हणायचे. "माझ्याकडे पडला!" असं कोणी लिहिलं की घरी पाळणा हलल्यासारखा आनंद. त्यांना छळायला म्हणून भोपळ्याने कंपनीकडून एक नियम करून घेतला होता: तक्रारदाराने स्वतःच्या मशीनवर, स्वतःच्या आवाजात, आधी बिघाड आणि मग दुरुस्ती रेकॉर्ड करून दाखवावी, तरच कंपनी ती दुरुस्ती स्वीकारेल. लोक कंटाळून पळतील असा त्याचा होरा. लोकांना नियम इतका आवडला, की ते रेकॉर्डिंगला मागे संगीतही घालायला लागले.

एके दिवशी कंपनीच्या मोठ्या बाईंनी भोपळ्याला केबिनमध्ये बोलावलं. मोठ्या बाईंना स्वतःला गाण्याचा नाद. जेवणाआधी एक गाणं रेकॉर्ड करायच्या, जेवून आल्यावर ऐकायच्या आणि गळा उतरला म्हणून गाण्याच्या शिक्षकाला हाकलायच्या. त्या दिवशीही एक नुकताच हाकलला होता, त्यामुळे मूड तिखट होता.

"ते लिनक्सचं लोढणं ठेवायचं की काढायचं?"

"सडलंय ते, मॅडम."

"सडलंय तर दाखवा. त्या लोकांना सुटत नाही अशी एक तक्रार मला दाखवा, मी त्याच दिवशी बंद करते." मग बाईंनी चष्मा पुसला. "कक्षप्रमुखाची खुर्ची रिकामी आहे, हे तुम्हाला माहीत आहेच."

भोपळ्याला ती खुर्ची झोपेतही दिसायची. फिरणारी, उंच पाठीची.

आठवड्याच्या सुट्टीला सगळं घर जेवायला जमलं तेव्हा त्याला राहवेना. "आत्या, तुझं डबडं आता भंगारात निघणार बरं का."

आत्याने त्याच्याकडे न बघता मीठ पुढे ओढलं. "कोण काढणार? तू? तुला बाटलीचं झाकण काढायला आई लागते."

"वन्सं, जेवताना नको," आई म्हणाली.

"मी कुठे काय म्हणतेय? भाजीला मीठ नाही आणि भाच्याला अक्कल नाही. एवढंच सांगितलं."

"एक तक्रार, आत्या! एक न सुटणारी तक्रार आली की खेळ खलास."

"आण. आमच्याकडे न सुटणारं एकच आहे, तुझं पोट."

वडील हसले, आणि तिथेच भोपळ्याने मनात गाठ मारली.

घरी येऊन त्याने फोरमवर 'गरीब गवई' नावाने खातं उघडलं. आता अशी तक्रार हवी, जी कोणाला पाडताच येणार नाही. त्याला वाद्यवृंदाच्या बाई आठवल्या. त्याने लिहिलं: "लिनक्सवरील पेटाऱ्यात सदर घुमारा लावून गाणे थांबवले व मी खुर्चीतून उठून बाहेर गेलो, की परत येईपर्यंत गाणे खाली उतरलेले असते. खुर्चीत बसून पाहिले तर उतरत नाही. तरी या बाबीची दखल घ्यावी." लिहून झाल्यावर तो एकटाच हसला. बघणारा असला की घडत नाही आणि घडतं तेव्हा बघायला कोणी नसतं, असा बिघाड कोणाचा बाप दुरुस्त करणार?

आत्याचं पहिलं उत्तर तासाभरात आलं. "गवईबुवा, तुम्ही उठून जाता म्हणून गाण्याला हायसं वाटत असेल. तरी आम्ही पाहतो."

आणि ते खरोखर पाहायला लागले! एक दातांचा डॉक्टर होता, फावल्या वेळात गिटार वाजवणारा. त्याने आपला कोट आणि टोपी खुर्चीवर मांडली, पेटाऱ्याला वाटावं की माणूस बसलाय. गाणं उतरलं नाही. त्याने कोट काढला. तरी उतरलं नाही. मग तो टेबलाखाली लपून बसला, आणि बाहेर एक पेशंट गाल धरून वाट बघत राहिला. दुसरी एक बाई देशोदेशीच्या घंटांचे आवाज गोळा करायची. ती दिवसभर खोलीच्या आत-बाहेर करत राहिली, इतकी की शेजाऱ्यांना वाटलं घरात भांडण चाललंय. कोणी खुर्च्या बदलल्या, कोणी भिंतीला कान लावला. एकाने तर खुर्चीच विकली.

भोपळ्या ऑफिसात हे वाचून पोट धरून हसायचा, आणि 'गरीब गवई' होऊन मध्येमध्ये तेल ओतायचा. "अद्याप निराकरण नाही. खेद वाटतो."

मग घंटावाल्या बाईने लिहिलं: "आज पडला! काल पडला नव्हता. फरक एवढाच, की काल मांजर कीबोर्डवर चालत होतं, आज माळ्यावर होतं."

मग डॉक्टर कडाडला: "खुर्चीचा काही संबंध नाही! हात लावायचा नाही, एवढंच. माझी तर टेबलाखालून उठताना दर वेळी ढुशी बसायची आणि माउस हलायचा."

खरा प्रकार असा निघाला. बराच वेळ कोणी काही दाबलं नाही की स्क्रीन झोपते. तिच्याबरोबर आवाजाचा भागही झोपतो. जाग आल्यावर तो आपला वेग नव्याने सांगतो, पण घुमारा जुनाच वेग धरून बसतो, आणि गाणं धापा टाकत खालच्या सुरात चालतं. आत्याने दोन दिवस भांडून भांडून नेमकी जागा शोधली, डॉक्टरने दुरुस्ती लिहिली, घंटावालीने मांजराला माळ्यावर कोंडून तपासली.

भोपळ्याने ते दोनदा वाचलं. थाप मारली होती ती, आणि थापेला पाय फुटले होते! पण अजून सगळं बुडालेलं नव्हतं. बुडालं ते दुसऱ्या दिवशी. डॉक्टरच्या बायकोकडे विकतचा पेटारा होता. तिने सहज पाहिलं, तर तिथेही पडला. घुमारा दोन्हीकडे एकच, चूकही एकच. पैसे भरलेल्या हजारो लोकांची गाणी कित्येक वर्षं खाली उतरत होती, आणि ते बिचारे आपापल्या गायकांना शिव्या घालत होते.

फोरमवरची ही बातमी मोठ्या बाईंपर्यंत पोचली. त्यांनी त्या दुपारी जेवणाआधी गाणं रेकॉर्ड केलं, जेवून आल्या, ऐकलं. मग माउस हलता ठेवून पुन्हा ऐकलं. गळा स्वच्छ. हाकललेल्या शिक्षकांची रांग त्यांच्या डोळ्यांपुढून गेली असावी, कारण त्यांनी भोपळ्याला बोलावलं तेव्हा त्यांचा आवाजही स्वच्छ होता.

"ही दुरुस्ती आजच्या आज आपल्या पेटाऱ्यात घ्या."

"घेता येत नाही, मॅडम," कंपनीचा वकील म्हणाला. "नियम आहे. तक्रारदाराने स्वतःच्या आवाजात दाखवल्याशिवाय नाही. मोडला तर उद्या कोणीही कोर्टात ओढेल."

"कोणी केला हा गाढव नियम?"

वकिलाने भोपळ्याकडे पाहिलं. भोपळ्याने खिडकीकडे.

"आपल्याकडचा घुमारा लिहिणारा माणूस कुठेय? तो करेल ना नव्याने."

"नोकरी सोडून अळंबी पिकवतो, मॅडम. फोन घेत नाही."

"मग तो गरीब गवई शोधून आणा," बाई भोपळ्याला म्हणाल्या. "आणला नाहीत तर उद्यापासून इकडे फिरकू नका. असला माणूस आपल्या मदतकक्षात हवा. निदान त्याला ऐकू तरी येतं."

गवयाला शोधायला भोपळ्याला आरसा पुरला असता. पण गवयाकडे लिनक्स नव्हतं. तक्रार करण्यापूर्वी ते एकदा बघावं, हे मदतकक्षात इतकी वर्षं काढलेल्या माणसाला सुचलंच नव्हतं. घरी जाऊन त्याने आपल्या मशीनवर ते चढवायचा प्रयत्न केला. मशीनने स्क्रीन पांढरी केली, मग काळी केली, मग एक रेघ लुकलुकवत बसलं. घामाघूम होऊन त्याने फोरमवर विचारलं: "पेटारा बसवण्याआधी लिनक्स कसे बसवावे?"

आत्याचं उत्तर आलं. "गवईबुवा, मागे तर तुमच्याकडे पेटारा चालत होता, गाणी उतरत होती. मध्यंतरी मशीन गेलं, की लाज?"

दुसऱ्या दिवशी तो नाटकगृहात गेला. आत्या आवाजाच्या खोलीत बसली होती, गळ्यात हेडफोन, पुढे वायरींचं जंजाळ. तिने मान वर केली नाही.

"या गवई."

"तुला कधीपासून माहीत होतं?"

"'सदर घुमारा' असं कोणता गवई लिहितो रे? मी पहिल्या ओळीलाच ओळखलं."

"मग इतके दिवस सगळ्यांना राबवलंस कशाला?"

"तक्रार तुझी आहे म्हणून काय खोटी समजायची? आम्ही तुझ्यासारखे नाही. आधी पाडून बघतो." तिने कोपऱ्यातला एक जुना लॅपटॉप पायाने पुढे सरकवला. "घे. बसव."

"आत्या, तू पाच मिनिटांत करशील."

"करीन की."

"मग?"

"बिघडल्यास आम्हाला विचारू नये. एकमेकांना विचारावे." पाटीवरचं वाक्य तिला तोंडपाठ होतं. "फोरम आहे. विचार तिथे."

त्याने तिच्या शेजारी बसून फोरमवर विचारलं, आणि आत्याने शेजारी बसून फोरमवर उत्तरं दिली. तोंडाने एक शब्द नाही. डॉक्टरने मध्येच विचारलं, गवईबुवांना दात आहेत का, की तेही कोणाकडून लावून घ्यायचेत. दुपार कलली तेव्हा कुठे लॅपटॉपवर पेटारा उघडला.

"आत्या, आवाज तेवढा तू दे. मोठ्या बाई माझा आवाज ओळखतात."

"ओळखू दे. त्यांना सध्या नीट ऐकू यायला लागलंय."

"माझी खुर्ची जाईल गं!"

"आणि माझे घोडे जाणार होते, तेव्हा?" आत्या पहिल्यांदा त्याच्याकडे वळली. "दोन वाटा आहेत. बोललास तर नोकरी कदाचित राहील, खुर्ची जाईल. नाही बोललास तर दोन्ही जातील. मला काय, माझ्याकडे दुरुस्ती आहे. तुझ्या कंपनीकडे नाही. आणि आता आमची आवृत्ती बंद करायची छाती कोणाची होते, ते मला बघायचंय. पुढचा बिघाड कोण शोधणार? तू?"

तिने रेकॉर्डिंग चालू केलं. भोपळ्याने घसा साफ केला. नाव सांगितलं. आत्याने बोटाने खूण केली, अजून. त्याने हुद्दाही सांगितला. मग गाणं लावलं, घुमारा चढवला, थांबवलं.

"आता?"

"आता काय? तक्रारीत काय लिहिलंय? बाहेर जा. तू आत असलास की काहीतरी चिवडशील."

भोपळ्या बाहेर बोळात जाऊन उभा राहिला. बोळात नाटकाचं सामान भरलेलं: पुठ्ठ्याची झाडं, लाकडी तलवारी आणि एक उंच पाठीचं सोनेरी सिंहासन. पाय दुखायला लागले तसा तो हळूच तिकडे सरकला.

"त्याच्यावर बसू नकोस," आतून आत्या ओरडली. "पुढून दिसायला आहे ते. मागचा पाय नाहीये."

तो पुन्हा दाराजवळ येऊन उभा राहिला, दोन्ही हात मागे बांधून. आत स्क्रीन विझली. मग आत्याने एक कळ दाबली आणि गाणं सुरू झालं. जाड, रेंगाळलेलं, खाली उतरलेलं. बाहेरून त्यालाही ते स्पष्ट ऐकू आलं.

"पडला!" आत्या म्हणाली, आणि तिच्या आवाजात त्याने कधी न ऐकलेला आनंद होता. "ये आत. दुरुस्ती घाल. आणि मग पुन्हा बाहेर जाऊन उभा राहा."