पाहुणीची मशीन

मी एक जुनी मशीन आहे, स्वेटर विणायची. आता माझ्या दोनशे सुया गंजल्यात, पण मित्रांनो, मी कायम अशी नव्हते.

आधी मला एक मावशी चालवायची. तिने मला भाचीला दिलं. भाची शाळेचे स्वेटर विणायची, त्यावरच तिचं पोट. मी खर्र-खट सुरू केलं की तिच्याबरोबर राहणारी नर्स डोक्यावर उशी घ्यायची आणि म्हणायची, आली तुझी सासू बोलायला. सासू म्हणजे मी. राग यायचा. पण मला तेल घालायची ती नर्सच, सिरिंजने, थेंब थेंब.

घरमालकाने खोली एकट्या नर्सला दिली होती. भाची तीन वर्षं तिथे लपून राहिली. नर्सने सामानाचा विमा काढला तेव्हा अर्जात विचारलं होतं, सोबत कोण राहतं? तिने लिहिलं, कोणी नाही. अर्जावरून मालकाला कळलं असतं तर दोघी रस्त्यावर आल्या असत्या. हप्ता मात्र दोघी अर्धा-अर्धा भरायच्या. त्यांना वाटायचं, विमा खोलीचा, म्हणजे खोलीतल्या सगळ्याचा. कागद एकीनेही धड वाचला नाही.

मग वरच्या मजल्यावरचा पाइप फुटला आणि छतातून पाणी धो-धो माझ्यावर. अर्धा स्वेटर माझ्या सुयांवरच होता. भाचीने एकेक सुई टॉवेलने पुसली. उपयोग झाला नाही.

चार दिवसांनी विमावाला आला. गादी, कपाट, टीव्ही, सगळ्याचे फोटो काढत माझ्यापाशी थांबला.

"ही कोणाची?"

नर्स ओली गादी उलटी करू लागली. माझी म्हणावं तर तो पावती मागणार, आणि ती मावशीच्या नावाची. खरं सांगितलं तर अर्जातलं खोटं उघडं पडणार, आणि तिलाही काही मिळणार नाही.

"माझी," भाची म्हणाली.

"तुम्ही इथेच राहता?"

"नाही हो. मी पाहुणी. मशीन सहज ठेवलीय इथे."

"मग ही यात बसत नाही," तो म्हणाला आणि पुढे सरकला.

नर्सला नवी गादी मिळाली. भाची आठवड्याभरात बॅग घेऊन गेली. मला एकटीने उचलता येत नाही, आणि नर्सला हात लाव म्हणायला ती थांबली नाही.

मित्रांनो, एका खोलीत राहत असाल तर कागद वाचा. त्यावर प्रत्येकाचं नाव आहे का बघा. नसेल तर ज्याने त्याने आपला विमा काढा. मालकाशी भांडावं लागलं तर भांडा. पण तीन वर्षं जिथे काढली तिथेच कोणाला स्वतःला पाहुणी म्हणायला लावू नका. भाची ते हसत म्हणाली होती. तिचे हात पाठीमागे होते, माझी कड घट्ट धरून; ते फक्त मला दिसत होते.