सगळ्यांचा हुकूम

पोर्तुगीज गेले आणि त्यांच्या नावाने गावाला दम देणारा रेजिदोर, म्हणजे गावचा सरकारी अंमलदार, गपगुमान घरी बसला. नवं सरकार अजून साखळी गावच्या पोलीस चौकीपुरतंच आलं होतं. जवळच्या वाड्यावरचा दत्ताराम मात्र भलताच खुशीत होता. "आमकां सरकार कित्याक जाय?" तो ज्याला त्याला विचारी. "व्हाळाचो बांध कोण घालता? सरकार?"

बोलणं खोटं नव्हतं. पाऊस सरला की घरटी एक माणूस येई, माती नि झाडपाला दाबून ओढ्याला बांध घातला जाई, आणि त्या पाण्यावर सगळ्यांचं वायंगणाचं, म्हणजे उन्हाळी, भात पिके. हुकूम कुणाचा नाही, दंड कुणाचा नाही.

त्या वर्षी दत्तारामच्या सख्ख्या बहिणीचा नवरा, गोकुळदास, बांधावर आला नाही. खाणीवर रोजंदारी मिळत होती. "एक माणूस उणो जालो म्हणून बांध फुटता?" असं वर तोंड करून म्हणाला. दुसऱ्या दिवशी आणखी तिघे गळाले. दत्तारामच्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. देवळात सगळ्यांना जमवून त्याने सांगितलं, "गोकुळदासाच्या घरा कोणेंच वचूं नये. सुखाक ना, दुख्खाक ना."

सगळ्यांनी माना डोलावल्या. गळालेले तिघे मुकाट बांधावर परतले. आता दत्ताराम छाती काढून फिरू लागला.

महिनाभरात गोकुळदासची म्हातारी आई वारली. दुपार झाली तरी अंगणात चिटपाखरू फिरकलं नाही. गोकुळदासची बायको जानकी भावाच्या दारात येऊन उभी राहिली. "दादा, म्हातारेन कोणाचो बांध मोडलो?" एवढंच म्हणाली.

दत्ताराम तसाच शेजारच्या शंभूकडे धावला. "हांवें सांगिल्लें, हांवच मागें घेतां. खांदो दिवंक चल."

"तो हुकूम तुजो एकट्याचो कसो? सगळ्यांनी थारायला," शंभू म्हणाला.

पलीकडच्या घरातला मधुकर म्हणाला, "सगळे येत जाल्यार हांवय येतां." तिसऱ्यानेही तेच सांगितलं. आधी कोण निघतो ते बघत जो तो दाराआड उभा. दत्तारामला स्वतःच्याच थोबाडीत मारून घ्यावीशी वाटली. रेजिदोरचा हुकूम असता तर त्याचे पाय तरी धरले असते. इथे पाय कुणाचे धरायचे? आपण हे काय करून बसलो, म्हणत तो चडफडत साखळीच्या वाटेला लागला.

चौकीतला हवालदार घाटावरचा, नवा. त्याने सगळं ऐकून घेतलं.

"बहिष्कार घालायला लावला कुणी? नाव सांगा."

"दत्ताराम."

"राहतो कुठं हा?"

"हांगाच आसा तो, तुमच्या मुखार," दत्ताराम म्हणाला. "माका मागीर बंद करा. पयलीं म्हातारेक खांदो दिवंक दोग जाण दियात."